स्लाइडवरचा झेंडा अचूक कसा ठेवायचा

सार्क या दक्षिण आशियातल्या देशांच्या संघटनेवर एक स्लाइड करायची आहे असं धरू. आठ देश, आठ झेंडे, प्रत्येकाखाली नाव. शाळेच्या प्रकल्पात, कॉलेजच्या सेमिनारमध्ये, एखाद्या कंपनीच्या दक्षिण आशियातल्या कामाच्या सादरीकरणात ही स्लाइड हमखास येते आणि करणाऱ्याला ते पाच मिनिटांचं काम वाटतं. नेटवर शोधायचं, कॉपी करायचं, आठही चित्रं एका मापाची करून ओळीत लावायची, झालं. पण आठही झेंडे एका मापाचे करताना निदान तीन झेंडे चुकतात. नेपाळचा, श्रीलंकेचा आणि बांगलादेशचा.

राष्ट्रध्वज म्हणजे रंगीत चित्र, एवढंच साधारणपणे आपल्या डोक्यात असतं. बहुतेक देशांनी मात्र आपला झेंडा कायद्यात किंवा सरकारी आदेशात आकड्यांनी पक्का बांधला आहे. लांबी आणि उंचीचं प्रमाण, पट्ट्यांची रुंदी, वर्तुळाचा व्यास आणि त्याचा मध्यबिंदू, रंगांच्या छटा, सगळं ठरलेलं. कापडावर शिवा, कागदावर छापा की पडद्यावर दाखवा, मोजमाप तेच. त्यामुळे स्लाइड करणाऱ्याला झेंडा काढायचाही नसतो आणि सजवायचाही नसतो. योग्य फाइल आणायची आणि ती न मोडता पानावर ठेवायची, एवढंच काम. मोडायच्या जागा मात्र भरपूर आहेत, आणि त्यातल्या बऱ्याचशा आपल्या रोजच्या सवयीत दडलेल्या आहेत.

ताणलेला झेंडा

भारत, पाकिस्तान, भूतान आणि मालदीव यांच्या झेंड्यांची लांबी उंचीच्या दीडपट असते. बांगलादेशचं लांबी-उंचीचं प्रमाण १०:६. श्रीलंकेचा झेंडा उंचीच्या बरोबर दुप्पट लांब. आणि नेपाळचा झेंडा तर आयतच नाही, एकावर एक ठेवलेल्या दोन त्रिकोणी पताकांचा तो बनतो.

नेपाळचा आकार थोडा जवळून बघण्यासारखा आहे. तो काढायचा कसा, हे नेपाळच्या संविधानाच्या परिशिष्टातच भूमितीच्या पुस्तकासारखं लिहिलेलं आहे. किरमिजी कापडाच्या खालच्या बाजूला डावीकडून उजवीकडे हवी तेवढी लांब रेषा काढा. तिच्या डाव्या टोकापासून सरळ वर दुसरी रेषा काढा, तिची लांबी पहिल्या रेषेपेक्षा एक तृतीयांशाने जास्त. त्या उभ्या रेषेवर पहिलीच्या लांबीइतक्या अंतरावर खूण करा आणि ती खूण पहिल्या रेषेच्या उजव्या टोकाला जोडा. असं करत करत आधी त्रिकोण, मग चंद्र, मग सूर्य आणि शेवटी निळी किनार. किनारीसकट मोजलं तर झेंड्याची उंची रुंदीच्या साधारण १.२२ पट भरते. म्हणजे हा झेंडा उभा आहे. १९६२ साली हे रूप ठरलं, त्याआधीच्या झेंड्यांत सूर्य-चंद्रांना माणसासारखे चेहरे असत. तसली जुनी चित्रं नेटवर अजून सापडतात.

आता हा झेंडा पॉवरपॉइंटच्या चित्रासाठी राखलेल्या तयार चौकटीत टाकून बघा. ती चौकट पूर्ण भरण्यासाठी सॉफ्टवेअर चित्र कापतं. आडव्या चौकटीत उभा झेंडा टाकला की वरचं टोक आणि खालची किनार गायब. एखाद्या आयताच्या आत चित्र भरायचा पर्याय वापरला, तर सॉफ्टवेअर कापण्याऐवजी ताणतं आणि दोन्ही त्रिकोण पसरट होऊन बसतात. म्हणून झेंड्यांसाठी तयार चौकटी वापरूच नयेत. चित्र मोकळं घालावं, मोठं-लहान करताना फक्त कोपरा धरून ओढावं, कडांच्या मधल्या ठिपक्यांना हात लावू नये. चित्राच्या मापाच्या पर्यायांत प्रमाण कुलूपबंद ठेवायची खूण असते, ती लावलेली असली की निम्मी चिंता मिटते.

मग आठ झेंडे ओळीत शोभतील कसे? सोपा मार्ग म्हणजे उंची सगळ्यांची सारखी ठेवायची आणि लांबी ज्याच्या त्याच्या प्रमाणात येऊ द्यायची. उंची ३० मिलिमीटर धरली तर भारत ४५ मिलिमीटर लांब होतो, बांगलादेश ५०, श्रीलंका ६० आणि नेपाळ २४.६. दुसरा मार्ग क्षेत्रफळ सारखं ठेवण्याचा. भारताच्या ४५ बाय ३० इतकंच क्षेत्रफळ घेतलं तर श्रीलंका ५२ बाय २६ होईल, बांगलादेश साधारण ४७.४ बाय २८.५, आणि नेपाळभोवती बसणारी चौकट ३३.३ रुंद व ४०.६ उंच. दुसऱ्या रीतीने कोणताच देश डोळ्यांना छोटा वाटत नाही, पण ओळ वरखाली होते. मला स्वतःला आयताकृती झेंड्यांसाठी सारखी उंची आणि नेपाळला त्यांच्यापेक्षा किंचित जास्त उंची, ही तडजोड बरी वाटते. झेंड्यांखालची नावं मात्र एकाच रेषेत यावीत, म्हणजे ओळीचा तोल राहतो.

एक झटपट चाचणी सांगतो. ज्या झेंड्यात वर्तुळ आहे त्याचं वर्तुळ खरंच गोल दिसतंय का, ते बघायचं. अशोकचक्र अंड्यासारखं दिसलं की झेंडा ताणला गेलेला आहे. जुन्या, चौकोनी मापाच्या स्लाइड रुंद पडद्यासाठी बदलल्या की हे सर्रास व्हायचं, कारण पॉवरपॉइंटच्या जुन्या आवृत्त्या पानाबरोबर चित्रंही ताणायच्या. अशी वर्षानुवर्षं पुढे सरकत आलेली पीपीटी आपल्याकडे आली, तर तिच्यातले झेंडे काढून टाकावेत आणि नवे घालावेत.

जगातले इतर झेंडेही याच नजरेने बघावेत. स्वित्झर्लंड आणि व्हॅटिकनचे झेंडे चौरस आहेत. कतारच्या झेंड्याचं प्रमाण (इथून पुढे उंची आधी, लांबी नंतर) ११:२८, म्हणजे लांबलचक. बेल्जियमचं १३:१५, म्हणजे चौरसाकडे झुकणारं. अमेरिकेचं १०:१९. इंडोनेशिया आणि मोनॅको या दोघांचे झेंडे वर लाल, खाली पांढरे, पण इंडोनेशियाचं प्रमाण २:३ आणि मोनॅकोचं ४:५. सगळे झेंडे एका मापात कोंबले की या दोघांमध्ये फरक करायला जागाच उरत नाही.

डावं-उजवं आणि वर-खाली

झेंड्याला काठीकडची बाजू आणि फडकती बाजू अशा दोन बाजू असतात. चित्रात काठी सहसा डावीकडे धरतात. भारताचा झेंडा डावीकडून उजवीकडे उलटवला तरी फरक दिसत नाही, म्हणून आपल्याला ही बाजू चटकन लक्षात येत नाही. आपल्या शेजाऱ्यांचं तसं नाही.

बांगलादेशचा लाल गोल मध्यभागी नसतो. त्याचा मध्य काठीपासून लांबीच्या नऊ-विसांश अंतरावर आणि त्रिज्या लांबीच्या एक पंचमांश. आपल्या ५० मिलिमीटरच्या झेंड्यावर मध्य २२.५ मिलिमीटरवर येतो, २५ वर नाही. झेंडा वाऱ्यावर फडकत असताना गोल मधोमध दिसावा म्हणून तो काठीकडे सरकवलेला आहे. हे माहीत नसलं की माणूस हिरवा आयत घेतो, त्यावर लाल गोल बरोबर मध्यात लावतो आणि वर समाधानाने सॉफ्टवेअरची मध्यरेषाही जुळवतो. जपानचा गोल १९९९च्या कायद्यानुसार खरंच मध्यात असतो, व्यास उंचीच्या तीन पंचमांश. दोन्ही झेंड्यांना एकच साचा लावून चालत नाही.

पाकिस्तानचा पांढरा पट्टा काठीकडे, म्हणजे डावीकडे, आणि लांबीच्या एक चतुर्थांश. मालदीवच्या चंद्रकोरीची बंद बाजू काठीकडे. भूतानमध्ये वरचा, काठीकडचा त्रिकोण पिवळा, खालचा नारिंगी, आणि कर्णरेषेवरच्या ड्रॅगनचं तोंड फडकत्या बाजूला. श्रीलंकेत काठीकडे आधी हिरवा पट्टा, मग नारिंगी, आणि तलवार धरलेल्या सिंहाचं तोंड काठीकडे. 'भारत–श्रीलंका' अशा शीर्षकाच्या दोन्ही अंगांना झेंडे लावताना पुष्कळ जण उजवीकडचा झेंडा आरशातल्यासारखा उलटवतात, दोन्ही एकमेकांकडे बघतायत असं वाटावं म्हणून. तेवढ्यानं सिंहाचं तोंड फिरतं, पट्टे उजवीकडे जातात, आणि तो झेंडा श्रीलंकेचा राहत नाही. गोल गोल फिरत येणारी ॲनिमेशनंही झेंड्याला लावू नयेत, अर्धा वेळ झेंडा उलटाच दिसतो.

ज्या झेंड्यांवर अक्षरं आहेत तिथे तर उलटवण्याचा विचारही नको. सौदी अरेबियाच्या झेंड्यावर इस्लामचा कलमा आहे. कापडी झेंडा दोन्ही बाजूंनी नीट वाचता यावा म्हणून त्याच्या दोन्ही बाजू मुद्दाम सारख्या करतात. तो कुठे छापावा याबद्दलही लोक संवेदनशील असतात. २००७ साली अमेरिकी सैन्याने अफगाणिस्तानात मुलांसाठी फुटबॉल टाकले, त्यांवर इतर झेंड्यांबरोबर सौदीचाही होता. कलमा असलेली वस्तू पायाने लाथाडली जाणार म्हणून लोक रस्त्यावर आले. स्लाइडवर हा झेंडा असेल तर त्याच्यावर बाण, गोल शिक्का, पान क्रमांक असलं काही येऊ देऊ नये.

वर-खालीचा गोंधळ तर काही देशांत अर्थच बदलतो. फिलिपिन्सच्या झेंड्यात शांततेच्या काळात निळा पट्टा वर असतो आणि युद्धकाळात लाल वर येतो. २०१० साली न्यूयॉर्कमध्ये अमेरिका आणि आसियान या आग्नेय आशियाई संघटनेतल्या देशांच्या नेत्यांच्या बैठकीत हा झेंडा लाल वर करून लावला गेला आणि अमेरिकेला दिलगिरी व्यक्त करावी लागली. ब्रिटनच्या झेंड्यातही वर-खाली असतं. काठीच्या बाजूला रुंद पांढरी तिरकी पट्टी वर हवी. झेंडा लहान असला की ते दिसत नाही, पण स्लाइडवर मोठा करून लावल्यावर ब्रिटिश प्रेक्षकाला लगेच दिसतं.

तिरंग्याबद्दल थोडं जास्त

संविधान सभेने २२ जुलै १९४७ रोजी तिरंगा स्वीकारला. आज लागू असलेली भारतीय ध्वजसंहिता २६ जानेवारी २००२ पासूनची. तिच्यात झेंड्याची नऊ मापं दिली आहेत, सगळ्यांत मोठं ६३०० बाय ४२०० मिलिमीटर आणि सगळ्यांत लहान १५० बाय १०० मिलिमीटर. प्रत्येक मापासमोर चक्राचा व्यासही आहे. ९०० बाय ६०० च्या झेंड्यावर चक्र १८५ मिलिमीटरचं. पांढरा पट्टा २०० मिलिमीटर रुंद, म्हणजे चक्र पट्ट्याच्या साडेब्याण्णव टक्के. वर-खाली जेमतेम साडेसात मिलिमीटर पांढरं उरतं. याउलट १५० बाय १०० च्या, टेबलावर ठेवायच्या झेंड्यात चक्र फक्त २५ मिलिमीटरचं, पट्ट्याच्या साधारण पाऊणपट. लहान मापात चक्र लहान करायची सोय नियमातच आहे. त्यामुळे दोन अधिकृत दिसणाऱ्या चित्रांत चक्र कमी-जास्त मोठं दिसलं तर घाबरू नये, पण केशरी आणि हिरव्या पट्ट्यात घुसलेलं चक्र मात्र खात्रीने चुकीचं.

आऱ्या चोवीस, सारख्या अंतरावर. त्या मोजायच्याच. एआयकडून चित्र काढून घेण्याची सवय आता सगळ्यांना लागली आहे, आणि एआयने काढलेल्या तिरंग्यात आऱ्या अठरा, वीस, तीस, कितीही असू शकतात, कारण ते झेंडा मोजून काढत नाही, बघितलेल्या हजारो चित्रांसारखं काहीतरी रंगवतं. झेंड्यासाठी हे साधन वापरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. अगदी पार्श्वभूमीत धूसर दिसणाऱ्या झेंड्यासाठीसुद्धा नाही.

रंगांची गोष्ट थोडी किचकट आहे. भारतीय मानक ब्यूरोचं ध्वजाचं मानक कापडाच्या रंगासाठी आहे. पडद्यावर रंग प्रकाशाचा असतो आणि तो लाल, हिरवा, निळा या तीन आकड्यांत सांगावा लागतो. तिरंग्यासाठी पडद्यावर सर्रास वापरले जाणारे आकडे असे: केशरी २५५, १५३, ५१, हिरवा १९, १३६, ८, चक्राचा नेव्ही ब्लू ०, ०, १२८. याहून थोडा गडद केशरीही चांगल्या फाइलींत दिसतो, त्यात चूक काही नाही. चूक होते ती स्लाइडच्या थीममुळे. झेंड्याचं चित्र सुट्या आकारांत मोडलं आणि त्या आकारांना थीमचे रंग लागले, की कुणीतरी थीम बदलताक्षणी केशरीचा विटकरी होतो आणि कोणाला कळतही नाही. म्हणून झेंडा चित्र म्हणूनच राहू द्यावा.

राष्ट्रीय सन्मानाच्या अवमानाला प्रतिबंध करणारा १९७१चा कायदा फक्त कापडी झेंड्यापुरता आहे असा समज आहे. त्या कायद्यात भारतीय राष्ट्रध्वज या शब्दांत ध्वजाचं चित्र, रेखाटन, छायाचित्र किंवा डोळ्यांना दिसणारं कोणतंही रूप येतं. ध्वजावर कोणतंही लेखन करणं आणि हेतुपुरस्सर केशरी खाली ठेवून तो दाखवणं हे त्यात अवमानात धरलं आहे, आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. पंधरा ऑगस्टच्या कार्यक्रमाची स्लाइड करताना अख्खं पान तिरंग्याने भरायचं आणि बरोबर चक्रावर कार्यक्रमाचं नाव लिहायचं, हे इतकं रुळलंय की कोणी दोनदा बघत नाही. त्यामागे अपमानाचा हेतू नसतो हे खरं. तरीही शीर्षकाला मोकळी जागा द्या, झेंडा बाजूला स्वच्छ ठेवा. स्लाइड वाचायलाही सोपी होते.

झेंडा उभा लावायचा असेल तर ध्वजसंहितेप्रमाणे केशरी पट्टा झेंड्याच्या स्वतःच्या उजव्या हाताला, म्हणजे बघणाऱ्याच्या डाव्या हाताला. आणि अनेक देशांचे झेंडे एका सरळ रांगेत असतील तर भारताचा झेंडा बघणाऱ्याच्या डावीकडून पहिला, पुढचे इतर देशांच्या इंग्रजी नावांच्या वर्णक्रमाने. संहिता हे खऱ्या झेंड्यांच्या रांगेबद्दल सांगते, पण भारतातल्या कार्यक्रमाच्या स्लाइडला तीच रीत लावली की क्रमावरून वाद होत नाहीत. अशा रांगेत भारताचा झेंडा सुरुवातीला, शेवटी आणि वर्णक्रमाच्या त्याच्या जागीही ठेवायची मुभा संहितेत आहे. माहिती देणाऱ्या साध्या स्लाइडवर मात्र सरळ वर्णक्रम पुरेसा आहे: अफगाणिस्तान, बांगलादेश, भूतान, भारत, मालदीव, नेपाळ, पाकिस्तान, श्रीलंका.

इमोजीचा झेंडा का दगा देतो

मोबाइलवर झेंड्याचा इमोजी टाकणं सोपं, म्हणून तो स्लाइडवरही येतो. फोनवर, मॅकवर तिरंगा दिसतो. तीच फाइल सभागृहातल्या विंडोज लॅपटॉपवर उघडली की झेंड्याच्या जागी आय आणि एन ही दोन इंग्रजी अक्षरं.

कारण असं. संगणकावरच्या अक्षरांचं जागतिक मानक ठरवणाऱ्या युनिकोडने २०१० साली झेंड्यांसाठी वेगवेगळी चिन्हं दिली नाहीत, सव्वीस खास अक्षरं दिली. त्यातली दोन शेजारी आली आणि ती देशाच्या आंतरराष्ट्रीय दोन अक्षरी संकेताशी जुळली, की फाँटने हवं तर तिथे झेंडा दाखवावा. भारताचा संकेत आय-एन, श्रीलंकेचा एल-के, मालदीवचा एम-व्ही. ॲपल आणि गूगलचे फाँट झेंडे दाखवतात. विंडोजच्या इमोजी फाँटमध्ये देशांचे झेंडेच नाहीत, म्हणून अक्षरं उघडी पडतात. कोणता देश मानायचा आणि कोणता नाही, या भानगडीत युनिकोडला पडायचं नव्हतं, ही या रचनेमागची मेख.

शिवाय ज्या फाँटमध्ये झेंडे आहेत तिथेही ते बहुतेक लहरते आणि साधारण एका मापाचे असतात. अचूकपणासाठी ते बनलेलेच नाहीत. व्हॉट्सॲपवर शुभेच्छा द्यायला ठीक, स्लाइडवर चित्रच हवं.

फाइल कोणती घ्यायची

एसव्हीजी. या प्रकारच्या फाइलीत ठिपक्यांचं चित्र नसतं, आकारांचं वर्णन असतं: इथून तिथपर्यंत आयत, अमुक त्रिज्येचं वर्तुळ, अमुक रंग. त्यामुळे पोस्टाच्या तिकिटाएवढा करा की भिंतीएवढा, कडा धारदार राहतात आणि चक्राच्या आऱ्या विरघळत नाहीत. नव्या पॉवरपॉइंटमध्ये ही फाइल नेहमीच्या चित्रासारखी घालता येते. जिथे ती चालत नाही तिथे मोठ्या मापाची पीएनजी घ्यावी. जेपीजी टाळावी. ती रंगाचा तपशील कमी ठेवून फाइल लहान करते, आणि त्याचा फटका नेमका लाल-निळ्या कडांना बसतो, जिथे झेंड्याचा सगळा जीव असतो. शिवाय जेपीजीत पारदर्शक भाग नसतो, त्यामुळे नेपाळच्या झेंड्याशेजारी पांढरा तुकडा चिकटून येतो. पॉवरपॉइंट फाइल जतन करतानाही ठिपक्यांची चित्रं आपोआप दाबतो. छापील पोस्टर करायचं असेल तर पर्यायांत जाऊन ते बंद करावं.

विकिमीडिया कॉमन्सवर जवळपास सगळ्या देशांचे झेंडे एसव्हीजीत मिळतात, बहुतेक सगळे मुक्त वापराचे. तिथे प्रत्येक फाइलीखाली बदलांचा इतिहासही असतो. तो वाचायची सवय लावून घ्यावी. रंगावरून कोणी काय हरकत घेतली आणि कोणत्या सरकारी दस्तऐवजावरून ती मिटली, हे बऱ्याचदा तिथेच कळतं. झेंड्यांचा गठ्ठा एकदम उतरवून घेतला तर फाइलींची नावं दोन अक्षरी संकेतांत असतात, आणि तिथे एका अक्षराने देश बदलतो. नायजर एन-ई, नायजेरिया एन-जी. ऑस्ट्रिया ए-टी, ऑस्ट्रेलिया ए-यू. दक्षिण कोरिया के-आर, उत्तर कोरिया के-पी.

कोरियाच्या बाबतीत चूक झाली की काय होतं ते २५ जुलै २०१२ रोजी ग्लासगोच्या हॅम्पडेन पार्कवर दिसलं. लंडन ऑलिम्पिकमधला महिला फुटबॉलचा सामना, उत्तर कोरिया विरुद्ध कोलंबिया. मैदानातल्या मोठ्या पडद्यावर उत्तर कोरियाच्या खेळाडूंच्या चेहऱ्यांशेजारी दक्षिण कोरियाचा झेंडा आला. संघ मैदानात यायला तयार होईना, सामना तासभर उशिरा सुरू झाला आणि आयोजकांनी माफी मागितली. चूक कापडाच्या झेंड्याची नव्हती, आधीच तयार करून ठेवलेल्या चित्रफितीतली होती. आपण स्लाइडवर करतो तेच काम, फक्त पडदा मोठा. त्याच आयोजन समितीने सगळ्या संघांचे झेंडे आणि रंगांचे आकडे असलेली सविस्तर पुस्तिका आधी तयार केली होती हे लक्षात घेतलं, की शेवटच्या क्षणी कोणीतरी पडदा डोळ्यांनी तपासणं किती गरजेचं असतं ते कळतं.

पांढऱ्या पानावर पांढरा पट्टा

हे अगदी छोटं, पण रोज दिसणारं. पांढऱ्या स्लाइडवर पाकिस्तानचा झेंडा ठेवला की डावा पांढरा पट्टा पानात मिसळतो आणि जवळपास चौरस हिरवा झेंडा दिसतो. इंडोनेशियाची नुसती लाल पट्टी उरते, जपानचा नुसता गोल. उपाय दोन. एक तर झेंड्याला अर्ध्या पॉइंटची फिकट राखाडी बाह्यरेषा द्यावी, नाहीतर पानच फिकट राखाडी करावं. मी पान बदलणं पसंत करतो. नेपाळला चौकोनी बाह्यरेषा देऊ नये, त्याची निळी किनार पुरेशी आहे. गडद पानावर उलटी अडचण येते, बांगलादेश आणि पाकिस्तानचा हिरवा दबून जातो, आणि सभागृहातला प्रोजेक्टर जुना असेल तर काळाच दिसतो.

गोल कापलेले झेंडे सध्या फार चलनात आहेत. जपान किंवा बांगलादेश गोलात निभावतात, पण श्रीलंकेच्या सिंहाभोवतीची पिंपळाची पानं आणि अमेरिकेच्या कोपऱ्यातले तारे कापले जातात. जागा अगदीच कमी असेल तर झेंडा काढून देशाचं नाव लिहिलेलं बरं.

भाषेसाठी झेंडा वापरायचीही एक पद्धत आहे, आणि ती मला पटत नाही. भाषा निवडायच्या स्लाइडवर हिंदीपुढे तिरंगा लावला, तर त्याच ओळीत मराठीपुढे काय लावणार? मराठी बोलणारे महाराष्ट्रात आणि गोव्यात आहेत, मॉरिशसमध्ये पिढ्यान्‌पिढ्या आहेत, इस्रायलमध्ये गेलेल्या बेने इस्रायली ज्यूंच्या घरांतही ती आहे. भाषेचं नाव त्या भाषेच्या लिपीत लिहिलं की काम भागतं.

आजचा झेंडा की कालचा

झेंडे बदलतात, आणि जुन्या पीपीटीत जुने झेंडे राहून जातात. म्यानमारने २०१० मध्ये संपूर्ण झेंडा बदलला. मॉरिटानियाच्या झेंड्याला २०१७ मध्ये वर-खाली लाल पट्टे आले. किर्गिझस्तानने २०२३ च्या शेवटी सूर्याचे वळणदार किरण सरळ केले. फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाने २०२० मध्ये झेंड्याचा निळा पुन्हा गडद केला. सीरियात डिसेंबर २०२४ मध्ये असद सरकार कोसळलं, आणि एप्रिल २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयासमोर हिरवा-पांढरा-काळा, तीन लाल ताऱ्यांचा झेंडा चढला.

उलट, विषय इतिहासाचा असेल तर आजचा झेंडा चुकीचा ठरतो. १९७१च्या युद्धावरच्या स्लाइडवर बांगलादेशचा झेंडा हवा असेल तर तो लाल गोलात सोनेरी नकाशा असलेला. नकाशा काढून टाकलेलं आजचं रूप जानेवारी १९७२ पासूनचं आहे. सार्कची स्थापना ८ डिसेंबर १९८५ ला ढाक्यात झाली तेव्हा सात देश होते, अफगाणिस्तान २००७ मध्ये आला. स्थापनेच्या स्लाइडवर आठवा झेंडा लावू नये.

आणि अफगाणिस्तानचा झेंडा कोणता, हा आपल्या आठांमधला सगळ्यांत अवघड प्रश्न. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबानने काबूल घेतल्यापासून तिथे पांढऱ्या कापडावर काळ्या अक्षरांत कलमा असलेला झेंडा फडकतो. न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांसमोर मात्र प्रजासत्ताकाचा काळा-लाल-हिरवा झेंडा कायम राहिला. २०२३ च्या विश्वचषकात गहुंजे आणि वानखेडेवर अफगाणिस्तानचे सामने झाले तेव्हा राष्ट्रगीताच्या वेळी मैदानात तोच तीन रंगांचा झेंडा होता. स्लाइड करणाऱ्याने इथे स्वतःचं राजकीय मत लावू नये. संयुक्त राष्ट्रं किंवा क्रिकेटबद्दलची स्लाइड असेल तर ती संस्था वापरते तो झेंडा, काबूलमधल्या आजच्या राजवटीबद्दल असेल तर त्या राजवटीचा. आणि खाली बारीक अक्षरांत एक ओळ, कोणता झेंडा आणि तो का.

फाइल पूर्ण झाली की स्लाइडच्या टिपणांमध्ये प्रत्येक झेंडा कुठून आणि कोणत्या तारखेला घेतला ते लिहून ठेवावं. मग तीच फाइल दुसऱ्या लॅपटॉपवर, शक्य असेल तर सभागृहातल्याच, उघडून आठही झेंडे एकेक करून बघावेत: चक्र गोल आहे का, बांगलादेशचा गोल डावीकडे सरकलेला आहे का, पाकिस्तानचा पांढरा पट्टा डावीकडे दिसतोय का, सिंहाचं तोंड काठीकडे आहे का, नेपाळची दोन्ही टोकं शाबूत आहेत का. त्या त्या देशाचा कोणी श्रोत्यांत असेल, तर कार्यक्रमाआधी त्याला दाखवावं.